मिराशींचा निर्देशांक किती?

जगातील आघाडीच्या दोन टक्के शास्त्रज्ञांची यादी हल्ली दरवर्षी साधारण सप्टेंबरच्या सुमारास प्रसिद्ध होते. मग आठवडाभर वृत्तपत्रांच्या जिल्हा आवृत्त्यांत प्राध्यापकांची छायाचित्रे, कुलगुरूंचे अभिनंदन आणि महाविद्यालयांच्या फाटकांवर फलक असा सोहळा चालतो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन योआनिडिस आणि त्यांचे सहकारी ‘स्कोपस’ या माहितीसंचावरून ही यादी तयार करतात. निबंधांचे इतरांनी केलेले उल्लेख आणि सहलेखकांतील स्थान यांवरून एक संयुक्त गुणांक काढला जातो. स्वतःच स्वतःचे केलेले उल्लेख वगळूनही आकडे दिले जातात. प्रत्येक संशोधकाला २२ क्षेत्रे व १७४ उपक्षेत्रांपैकी एका मुख्य खान्यात बसवले जाते. काम काळजीपूर्वक केलेले आहे आणि कर्त्यांनी त्याच्या मर्यादाही सांगितल्या आहेत. मर्यादा फलकावर लिहिण्याची पद्धत मात्र आपल्याकडे नाही.

एकाच खान्यात न बसणाऱ्या विद्वानाचे अशा मोजणीत काय होते, हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो मी राहतो त्या जागेमुळे. जबलपूरच्या कांचघर भागातून शहर ओलांडून पश्चिमेला भेडाघाटच्या वाटेला लागले की तेवर हे गाव येते. तीच कलचुरींची राजधानी त्रिपुरी. देशाला त्रिपुरी आठवते ती १९३९ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आणि सुभाषबाबूंच्या अध्यक्षपदाच्या वादामुळे. परंतु युवराजदेव, गांगेयदेव, कर्ण या राजांचा क्रम, त्यांचे काळ, त्यांची दानपत्रे हे सारे आज सलगपणे सांगता येते, त्याचे मोठे श्रेय एका मराठी विद्वानाकडे जाते. ते म्हणजे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५). कोकणातील कुवळे गावी जन्मलेल्या मिराशींची कर्मभूमी नागपूर.

‘कॉर्पस इन्स्क्रिप्शनम इंडिकारम’ या मालेचा कलचुरी-चेदी संवताच्या लेखांना वाहिलेला चौथा खंड त्यांनी संपादित केला. तो १९५५ मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. असा खंड सिद्ध करणे म्हणजे काय, हे थोडे सांगितले पाहिजे. विखुरलेला प्रत्येक शिलालेख आणि ताम्रपट नव्याने वाचायचा. आधीच्या वाचकांच्या चुका दुरुस्त करायच्या. शुद्ध पाठ आणि भाषांतर द्यायचे. संवत, तिथी, वार, ग्रहण जुळवून इसवी सनातील तारीख काढायची. दान दिलेल्या गावाचे नाव आजच्या नकाशावर शोधायचे. कलचुरी-चेदी संवताचा आरंभ इ. स. २४८–४९ च्या सुमारास धरला जातो. कीलहॉर्न यांनी त्या दिशेने पायाभरणी केली होती. मिराशींनी उपलब्ध तारखा तपासून तो प्रश्न मार्गी लावला आणि संवताचे नाते आभीर राजा ईश्वरसेन याच्याशी जोडून दाखवले. त्यानंतर १९६३ मध्ये वाकाटकांचा पाचवा आणि १९७७ मध्ये शिलाहारांचा सहावा खंड आला. सहावा खंड छापून आला तेव्हा संपादकाचे वय ८४ होते.

त्यांचा संचार एवढ्याच प्रांतात नव्हता. संस्कृत साहित्यात ‘कालिदास’ हा त्यांचा मराठी ग्रंथ आणि भवभूतीवरील अभ्यास आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, या मताचा त्यांनी हिरिरीने केलेला पुरस्कार आहे. नाणकशास्त्रात, तेव्हाच्या अकोला जिल्ह्यातील तऱ्हाळा येथे सापडलेल्या सातवाहन नाण्यांच्या साठ्यावरील त्यांचे काम आहे. पुराणांच्या याद्यांत न आढळणारा कुंभ सातकर्णीसारखा राजा त्या नाण्यांमुळे इतिहासाला ठाऊक झाला. शिवाय ‘संशोधनमुक्तावली’चे मराठी खंड आहेतच. कलचुरींवर त्यांनी हिंदीतही पुस्तक लिहिले, आणि ते आमच्या मध्य प्रदेशात अजून वाचले जाते.

आता या माणसाचा एच-निर्देशांक काढायला घ्यावा. हा निर्देशांक भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवला. ज्याच्या २० कृतींचा प्रत्येकी किमान २० वेळा उल्लेख झाला, त्याचा निर्देशांक २०. गणिताचा परिणाम असा की, ज्याने आयुष्यात केवळ तीन महाग्रंथ सिद्ध केले त्याचा निर्देशांक, त्या ग्रंथांचे हजारो उल्लेख झाले तरी, तीनच्या वर जाणार नाही. मिराशींनी निबंध पुष्कळ लिहिले. पण त्यांतले कितीतरी मराठीत, कितीतरी अशा भारतीय नियतकालिकांत, ज्यांचे जुने अंक या माहितीसंचांच्या गावीही नाहीत.

दुसरे कारण कमी लक्षात येते. पुराभिलेखाचे अभ्यासक कोरीव लेखाचा हवाला देताना बहुधा संपादकाचे नाव लिहीत नाहीत; मालेचे संक्षिप्त नाव, खंड आणि लेखाचा क्रमांक देतात. मध्ययुगीन मध्य भारतावरचे कोणतेही गंभीर पुस्तक उघडावे. तळटीपांत चौथा खंड पानोपानी भेटेल. संगणकाला त्यात मिराशी दिसत नाहीत. पुढे तीच माहिती पाठ्यपुस्तकात जाते, भेडाघाटच्या मार्गदर्शकाच्या तोंडी येते, पर्यटन विभागाच्या पत्रकात छापली जाते, आणि तेथे तर तळटीपही नसते. ज्ञान इतके सर्वांचे झाले की त्याचा कर्ता पुसला जातो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या प्रक्रियेचे विवेचन फार पूर्वी करून ठेवले आहे.

हे फक्त संस्कृत आणि शिलालेखांचे दुखणे आहे, असे कोणी म्हणेल म्हणून दामोदर धर्मानंद कोसंबींकडे पाहावे. गोव्यात जन्मलेला, हार्वर्डमध्ये शिकलेला हा गणिती पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना आनुवंशिकीकडे वळला. ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’मध्ये १९४४ साली आलेल्या त्याच्या चार पानी निबंधातील सूत्र गुणसूत्रांचे नकाशे काढताना आजही वापरले जाते. पिकांच्या जनुकांवर काम करणारा संशोधक संगणकाच्या आज्ञावलीत ‘कोसंबी’ हा पर्याय निवडतो आणि पुष्कळदा मूळ निबंधाचा उल्लेख न करताच पुढे जातो. येथे नाव आहे, पण मोजणी नाही. उलट १९४३ मधील सांख्यिकीवरील त्याच्या निबंधातील कल्पना पुढे कारुनेन आणि लोएव्ह या दोघांच्या नावाने जगभर गेली. तेथे काम आहे, पण नाव नाही. भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती (१९४८) आणि भारतीय इतिहासाची नवी मांडणी करणारा ग्रंथ (१९५६) ही त्याच लेखणीची आणखी दोन रूपे. एका मुख्य खान्याची अट कोसंबींना लावली तर कोणता खाना निवडायचा?

तरीही आकड्यांवर नुसती टीका करून भागणार नाही. मी प्रशासनात आयुष्य काढले आहे. आकडा फाइलीवर टिकतो, लेखापरीक्षणात टिकतो, न्यायालयातही टिकतो. ‘समितीला उमेदवार विद्वान वाटला’ हे वाक्य टिकत नाही, आणि ते टिकू नये असे वाटण्याजोग्या निवडी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० मध्ये आणलेली ‘एपीआय’ गुणपद्धती वशिल्यावरचा उतारा म्हणून आली होती. तिचा हेतू वाईट नव्हता. पण गुण निबंधांच्या संख्येला मिळू लागल्यावर निबंध पिकवणारी दुकाने निघाली. मे २०१८ मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून ४,३०५ नियतकालिके काढावी लागली. त्यानंतर ‘केअर’ यादी आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. राष्ट्रीय संस्थात्मक क्रमवारीत मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापण्याची वेळ आली, यावरून रोग कुठवर गेला ते दिसते.

याची झळ मिराशींना किंवा कोसंबींना लागत नाही. ती लागते जबलपूर, नागपूर, कोल्हापूर येथल्या तिशीतल्या सहायक प्राध्यापकाला. त्याला ब्राह्मी आणि जुनी नागरी वाचता येते, संस्कृत येते, घराजवळच्या तालुक्यात न वाचलेले लेख पडून आहेत. एका राजवंशाच्या लेखांचे संपादन दहा वर्षे खाईल आणि बढतीच्या अर्जात ते एक पुस्तक म्हणून मोजले जाईल. तेवढ्या काळात प्रत्येक लेखाचे तुकडे करून वीस निबंध निघू शकतात. त्याने काय निवडावे हे त्याच्या घरातली माणसेही सांगू शकतील. आणि दगड तर थांबत नाहीत. पाऊस, चुना, शेंदूर आणि रस्त्याचे काम त्यांच्यावरची अक्षरे दरवर्षी थोडी थोडी खातात.

‘नेचर’मध्ये २०१५ साली आलेल्या लायडन जाहीरनाम्याने स्थानिक महत्त्वाच्या, स्थानिक भाषांतील संशोधनाला संरक्षण द्यावे आणि शाखांमधील फरक लक्षात घ्यावेत, असे स्पष्ट म्हटले आहे. ब्राझीलने १९९७ पासून ‘सायेलो’ उभारून पोर्तुगीज आणि स्पॅनिश नियतकालिकांना जगाच्या नकाशावर आणले. आपल्याकडे तर कच्चा माल तयार आहे. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर लाखो प्रबंध आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी संदर्भसूची आहे. मराठी, हिंदी, कन्नड प्रबंधांतील त्या सूच्या यंत्राने वाचून, ‘खंड ४, लेख क्र. अमुक’ असे हवालेही संपादकाच्या नावाशी जोडून, भारतीय भाषांतील ग्रंथांची उल्लेखसूची तयार करता येईल. हे काम ‘इन्फ्लिबनेट’चेच आहे आणि त्याला नवा कायदा लागत नाही.

आयोगाने जानेवारी २०२५ च्या मसुद्यात गुणमोजणी सोडून गुणात्मक मूल्यमापनाकडे वळण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात माझ्या मते दोन गोष्टी नियम म्हणून यायला हव्यात. चिकित्सक आवृत्ती, लेखसंग्रह, कोश आणि हस्तलिखितांची सूची यांना स्वतंत्र स्थान द्यावे, त्यांना ‘एक पुस्तक’ समजू नये. आणि उमेदवाराने निवडलेल्या तीन कृती विद्यापीठाबाहेरच्या दोन तज्ज्ञांनी प्रत्यक्ष वाचून सही-तारखेनिशी लेखी अभिप्राय द्यावा, तो उमेदवाराला मागताच मिळावा. असा अभिप्राय फाइलीवरही टिकेल. ‘केअर’ यादी बंद करताना आयोगाने नियतकालिके पारखण्याची जबाबदारी विद्यापीठांवर सोपवली आहेच; तेव्हा निदान आपल्या अखत्यारीतील मूल्यमापनापुरती सुरुवात करायला कोणत्याही विद्यापीठाच्या विद्या परिषदेने दिल्लीच्या अंतिम अधिसूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.