इंजिन एका रात्रीत झिजत नाही

बंगळुरूला समुद्र नाही, तरी आपल्या शाळेतील अनेकांना नौदलात जायचे आहे. गप्पा निघाल्या की विषय तोफांचा आणि क्षेपणास्त्रांचा असतो, इंजिनरूमचा क्वचितच. माझ्या मते ही चूक आहे. इंजिन बंद पडले की सर्वांत सुसज्ज युद्धनौकाही शत्रूपुढे उभे लक्ष्य ठरते.

डिझेल इंजिन चालते म्हणून झिजणारच, असे आपण मानतो. पण सिलिंडर लायनर आणि पिस्टन रिंग वेळेआधी झिजतात त्या बहुधा दुर्लक्षामुळे. मालवाहू जहाजांचेच पाहा. त्यांच्या जड इंधनात शुद्धीकरण कारखान्यातून आलेले अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे कठीण कण असतात. आयएसओ ८२१७ मानकानुसार अशा इंधनात किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत हे कण चालतात. इंजिनात शिरताना मात्र ते १५ च्या आत असावेत, असे इंजिन बनवणारे सांगतात. मधली सफाई जहाजावरच, सेटलिंग टाकी आणि प्युरिफायरमध्ये व्हायची असते. तिथे हयगय झाली, की हे कण लायनरला पॉलिशपेपरासारखे घासतात.

दुसरा शत्रू आम्ल. इंधनातील गंधकापासून सल्फ्युरिक आम्ल बनते आणि लायनर फार थंड राहिला तर त्यावर साचते. ते मारायला अल्कलीयुक्त तेल देतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातील गंधकाची मर्यादा ३.५० टक्क्यांवरून ०.५० टक्क्यांवर आली. कमी गंधकाच्या इंधनासोबत जुनेच तीव्र तेल वापरले, तर उरलेल्या अल्कलीची कठीण पुटे पिस्टनवर बसतात आणि लायनर खरवडतात. औषधसुद्धा रोग पाहूनच द्यावे लागते.

नौदलाचे इंधन अधिक स्वच्छ असते. तरी इंधनात शिरलेले पाणी, तुंबलेला फिल्टर, शिळे वंगण आणि थंड इंजिनावर एकदम टाकलेला भार तिथेही घात करतात. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त १९४५ पासून नौदलाचे तंत्रज्ञ घडतात, ते याच लढाईसाठी.

यावर उपाय महागडा नाही. फिल्टर वेळेवर बदलणे, वंगणाचा नमुना तपासून त्यातील लोहकण मोजणे आणि लॉगबुकात खरा आकडा लिहिणे. कालचाच आकडा आज उतरवणारा हात इंजिनाचा खरा शत्रू आहे.

मित्रांनो, इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री बूट चमकवता येतात. लायनर नाही.