घुटी, सुई आणि पणजीबाई

काय मुलांनो, सहामाहीचे पेपर संपले का? तुमची परीक्षा संपली असेल, पण माझी आत्ताच सुरू झाली आहे. आणि माझ्या परीक्षक बाई आहेत अवघ्या साडेचार किलो वजनाच्या! आजवर तुम्ही मला ह्या पानावरची आजी म्हणत होता. आता मी घरातलीही आजी झाले. मला नात झाली!

पहिलं बाळंतपण माहेरी, ह्या जुन्या रिवाजाप्रमाणे माझी लेक साताऱ्याला आमच्याकडे आली आहे. बारसं झालं, घुगऱ्या वाटून झाल्या. नाव छानसं ठेवलंय, पण घरात सगळे तिला चिमणीच म्हणतात. चिमणी आता सात आठवड्यांची आहे. तिच्या पणजीबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, शहाऐंशी वर्षांच्या. एका छपराखाली चार पिढ्या, आणि प्रत्येकीचं मत निराळं. त्यातलं चिमणीचं मत सगळ्यात मोठ्या आवाजात!

शाळा सुटली की शेजारची मुलं दारात हजर. "आजी, तिला आम्ही दिसतो का?" दिसता, पण जवळ आलात तरच. नवजात बाळाला साधारण २० ते ३० सेंटीमीटरवरचं बरं दिसतं. तुमच्या कंपासपेटीतली १५ सेंटीमीटरची पट्टी दोनदा ठेवून बघा. दूध पिताना बाळाला आईचा चेहरा बरोबर तेवढ्याच अंतरावर असतो. आहे की नाही गंमत!

"तिच्या डोक्यावर धडधडतं काय?" ती टाळू. बाळाच्या कवटीची हाडं जन्मतः पूर्ण जुळलेली नसतात, म्हणून तर ती जन्माच्या वेळी थोडी सरकू शकतात आणि पुढे मेंदूला वाढायला जागा मिळते. समोरची टाळू साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते. तोवर तिथे दाबायचं नाही हं!

"ती सारखी दूधच का पिते?" कारण तिचं पोट एवढंसं. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा तरी तिला दूध लागतं. रात्री दोनलाही आणि पहाटे चारलाही. तुमची आई तुमच्यासाठी किती रात्री जागली असेल, त्याचा हिशेब करा बरं एकदा वहीत.

हे झालं मजेचं. पण मागच्या पंधरवड्यात आमच्या घरात एक मोठा वाद झाला, तोही सांगते.

सासूबाईंनी ट्रंकेतून सहाण काढली. एका पुरचुंडीत हळकुंड, वेखंड, बाळहिरडा, जायफळ, मुरुडशेंग असं सगळं जपून ठेवलेलं. म्हणाल्या, "पोर रात्रीची कुरकुरते. दोन-दोन वेढे उगाळून घुटी देते, बघा कशी शांत झोपेल." लेक म्हणाली, "आजी, डॉक्टरांनी सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही द्यायचं नाही म्हणून बजावलंय. पाणीसुद्धा नाही." झालं! सासूबाईंनी पुरचुंडी बांधली आणि त्या दिवशी धड जेवल्यासुद्धा नाहीत.

मला दोघींचंही पटत होतं आणि दोघींचीही काळजी वाटत होती. दुपारी मी सासूबाईंजवळ जाऊन बसले. "आई, राग आला का?" तेव्हा त्यांनी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांची दुसरी मुलगी तीन महिन्यांची असताना जुलाबाने गेली. गावात डॉक्टर नव्हता. तालुक्याला न्यायला बैलगाडी जोडली, पण वाटेतच सगळं संपलं. "त्यानंतरच्या चारही पोरांना मी एक दिवस घुटी चुकवली नाही गं. माझ्या हातात दुसरं होतं काय?"

मुलांनो, ही एकट्या सासूबाईंची कहाणी नाही. १९७१ साली आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे १२९ बाळं वर्षाच्या आतच दगावत होती. सगळ्या बाळांसाठी लसीकरणाचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला तो १९७८ साली. म्हणजे सासूबाईंची मुलं मोठी झाल्यावर! २०२० साली हाच आकडा हजारी २८ वर आला होता. हे २८ देखील कमी व्हायला हवेत, पण केवढा फरक पडला बघा.

पुढच्या आठवड्यात चिमणीच्या लसीची तारीख होती. मी सासूबाईंनाही रिक्षाने बरोबर नेलं. त्यांनी डॉक्टरीणबाईंना सरळच विचारलं, "घुटीत वाईट काय आहे?" बाईंनी हसण्यावारी नेलं नाही. त्या म्हणाल्या, "आजी, सहाणेवरून, पाण्यातून, बोटावरून जंतू पोटात जातात, आणि एवढ्या लहान जिवाला जुलाब झाले तर जड जातं. शिवाय कुठल्या वेढ्यात किती औषध उतरलं, ते मोजता येत नाही. आईच्या दुधात तिला लागणारं सगळं आहे, उन्हाळ्यातलं पाणीसुद्धा." मध चाटवणंही वर्ष होईपर्यंत नको, हेही त्यांनी सांगितलं.

जुलाब हा शब्द ऐकला आणि सासूबाई गप्पच झाल्या. मग सुई टोचताना चिमणी किंचाळली, तेव्हा तिचा पाय त्यांनीच धरला होता. घरी आल्यावर पुरचुंडी पुन्हा ट्रंकेत गेली. आता त्यांनी दुसरं काम हाती घेतलंय. आपली जुनी मऊ सुती लुगडी धुऊन, उन्हात वाळवून त्या दुपटी शिवतात. लेकीसाठी डिंकाचे लाडू किती तुपाचे करायचे, हे त्याच सांगतात. आणि रात्री चिमणी कुरकुरली की त्यांच्या मांडीवर, त्यांच्या ओव्या ऐकत ती झोपते. कधी झोपते, कधी नाही! बाळांची कुरकुर काही सगळी औषधाने थांबत नसते.

तुमच्याही घरी किंवा शेजारी बाळ आलं असेल तर एवढं नक्की करा. बाळाला हात लावण्याआधी साबणाने हात धुवा. सर्दी-खोकला असेल तर लांबूनच 'टाटा' करा. गालाचे पापे घेऊ नका. उचलायचं असेल तर मोठ्यांना विचारून, खाली बसून, मानेखाली हात देऊनच. आणि बाळाला गंमत म्हणूनही कधी गदागदा हलवू नका.

आणि हो, आपला डावा दंड बघा. खांद्याखाली एक छोटासा वण दिसतोय? बहुतेकांना दिसेल. ती क्षयाविरुद्धच्या बीसीजी लसीची खूण, तुमच्या जन्माच्या वेळची. आता जाऊन आजीला, पणजीला विचारा, त्यांच्या काळी बाळं आजारी पडली की काय करत असत. मध्येच त्यांना हसू नका, पूर्ण ऐकून घ्या. आणि ऐकलंत ते मला चार ओळींत लिहून कळवा. निवडक पत्रं पुढच्या महिन्यात ह्याच पानावर छापू.

तोवर अच्छा! आमच्या परीक्षक बाई जाग्या झाल्या आहेत.

— तुमची आजी