नाव नको, काम तपासा

भाड्याने घर पाहायला गेल्यावर काय होते, हे आपल्यापैकी अनेकांना सांगायला नको. फोनवर 'खोली रिकामी आहे' म्हणणारा माणूस नाव ऐकल्यावर 'कालच दिली' म्हणतो. नावावरून माणूस ठरवण्याची ही सवय किती अन्यायाची आहे, ते आपण सोसतोच. ती किती कुचकामीही आहे, हे मला लिनक्सच्या जगातल्या एका घटनेने दाखवले. आयटीआय, बीसीए करणारे किंवा सिस्टीम अ‍ॅडमिन म्हणून नोकरी करणारे आपले अनेक वाचक आहेत, त्यांच्यासाठी ती सविस्तर सांगतो. इतरांनीही वाचावी, कारण मुद्दा आपल्या चळवळीचाही आहे.

२९ मार्च २०२४. आपल्याकडे रमजान चालू होता, दिवस जुम्म्याचा. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या मुक्त डेटाबेसवर काम करणारे, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला असलेले अभियंते. त्या दिवशी त्यांनी जगाला एक इशारा दिला. काही दिवस ते आपल्या डेबियनच्या मशीनवर वेगाच्या चाचण्या घेत होते. दूरच्या सर्व्हरवर शिरण्यासाठी आपण जे एसएसएच वापरतो, त्याच्या लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत होता आणि प्रोसेसरही विनाकारण राबत होता. आपण 'मशीन जुने झाले' म्हणून सोडून दिले असते. त्यांनी माग काढला. तो एक्सझेड नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनापाशी जाऊन थांबला.

एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा बसवलेला होता. एसएसएच स्वतः एक्सझेड वापरत नाही. पण डेबियन, फेडोरा यांसारख्या काही डिस्ट्रोंनी त्याला सिस्टिमडीची लायब्ररी जोडली होती, आणि ती लायब्ररी एक्सझेडवर अवलंबून होती. त्या वाटेने एसएसएचमध्ये शिरून, ज्याच्याकडे विशिष्ट किल्ली आहे त्याला लॉगिन न करताच सर्व्हरवर हुकूम चालवता आले असते. सुदैवाने या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखांत, फेडोराच्या येऊ घातलेल्या आवृत्तीत अशा मोजक्याच ठिकाणी पोचल्या होत्या. डेबियन स्टेबल वाचले. आणखी काही महिने गेले असते, तर हाच कोड जगभरच्या सर्व्हरवर जाऊन बसला असता.

हे घडले कसे? एक्सझेड अनेक वर्षे सांभाळत होते फिनलंडचे लासे कॉलिन. काम बिनपगारी, फावल्या वेळेतले. २०२१ मध्ये 'जिया टॅन' नावाचे एक खाते मदतीला आले. त्याचे सुरुवातीचे बदल उपयोगाचे होते. २०२२ मध्ये इतर काही खात्यांवरून कॉलिन यांच्यावर दबाव सुरू झाला: काम फार हळू चालले आहे, दुसऱ्या कोणाकडे तरी द्या. त्यातल्या एका खात्याचे नाव 'जिगर कुमार' असे होते. कॉलिन यांनी उघडपणे लिहिले की आपली मानसिक प्रकृती बरी नाही आणि हा बिनपैशाचा छंद आहे. पुढे नव्या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याचा अधिकार जिया टॅनला मिळाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये घात झाला.

घटना उघड होताच अनेकांनी नावावरून तर्क लढवले. नाव चिनी वाटते, म्हणजे माणूस चिनी. मग 'जिगर कुमार' आपल्या शेजारचा मानायचा का? ही खाती कोणाची होती, ते आजवर उघड झालेले नाही. नाव काय, कोणीही काहीही घेऊ शकतो. फ्रॉइंड यांनी नाव पाहिले नव्हते. त्यांनी वेळ मोजला, कोड उघडून पाहिला, जे सापडले ते पुराव्यासह सगळ्यांपुढे ठेवले. आपण सुरक्षातज्ज्ञ नाही, हेही सांगितले. मला यात सत्यशोधनाची रीत दिसते: शंका आली तर ती मोजा, मुळाशी जा, मग बोला. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉरवर्ड पुढे ढकलण्याआधी एवढे केले तरी आपल्या मोहल्ल्यांतले कितीतरी विष कमी होईल.

यावरून 'मुक्त सॉफ्टवेअर धोक्याचेच' असे म्हणणारे भेटतात. 'कोड उघडा आहे म्हणजे सुरक्षित आहे' म्हणणारेही भेटतात. दोघेही अर्धेच बोलतात. उघडा कोड पाहण्याची मुभा देतो, पाहायला मात्र माणूस लागतो. एक्सझेडमध्ये तर चोरदरवाजा जोडणारा तुकडा सार्वजनिक भांडारात नव्हता, तो फक्त प्रसिद्ध केलेल्या संचात होता. दोन्ही पडताळून पाहायला कोणी बसले नव्हते. आणि तरीही, कोड बंद असता तर फ्रॉइंड कंपनीकडे तक्रार पाठवून वाट पाहत बसले असते.

आता स्वतःकडे येतो. कॉलिन यांच्याविषयी वाचताना मला आपल्या संघटना आठवल्या. एकच कार्यकर्ता वर्षानुवर्षे राबतो. आपण त्याला 'काम कुठवर आले?' विचारतो, 'तू कसा आहेस?' विचारत नाही. तो थकला की जो पुढे येईल त्याच्या हाती किल्ल्या जातात. या पत्रिकेचेही तसेच होते. सर्व्हरचे पासवर्ड कित्येक दिवस माझ्या एकट्याकडे होते आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता. तो अभिमान चुकीचा होता. मी उद्या आजारी पडलो असतो, तर आपल्या लोकांच्या मुलाखती, लेख, तलाक-पोटगीच्या प्रश्नांवरची सारी नोंद अडकून पडली असती.

म्हणून आता आम्ही काही नियम केले आहेत. तुमची संस्था, मदरसा, वाचनालय किंवा छोटे दुकान असेल, तर तुम्हीही ते करू शकता. सर्व्हरवर स्टेबल आवृत्ती ठेवा आणि सुरक्षेचे अपडेट आपोआप बसू द्या. एसएसएचला पासवर्डऐवजी किल्लीने लॉगिन ठेवा आणि ते साऱ्या जगाला उघडे ठेवू नका. बॅकअपची एक प्रत दुसऱ्या जागी असू द्या आणि महिन्यातून एकदा ती प्रत्यक्ष परत उतरवून पाहा, कारण न तपासलेला बॅकअप ही फक्त आशा असते. लॉग वाचायची सवय लावा. नेहमीचे काय ते माहीत असेल, तरच वेगळे काय ते कळते. फ्रॉइंड यांना तो अर्धा सेकंद त्यामुळेच खटकला. आणि किल्ल्या किमान दोघांकडे असू द्या, कोण काय करतो ते लिहिलेले असू द्या. नव्या माणसाला दूर ठेवू नका. त्याचे काम दुसऱ्याने तपासावे, एवढा नियम मात्र सगळ्यांना सारखा असावा, जुन्या-जाणत्यांना आणि संपादकालाही.

तरुण मित्रमैत्रिणींनो, घरातल्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाका आणि शिका. मुलींनी विशेष पुढे यावे, या कामाला घरातला एक कोपरा आणि नेट पुरते. एखाद्या मुक्त प्रकल्पातली चूक कळवा, मराठी किंवा उर्दू भाषांतर सुधारा. तुमचे नाव पाहून दार लावणारे भेटले, पुढेही भेटतील. तुम्ही मात्र कोणाचे नाव पाहून दार लावू नका आणि नाव पाहून उघडूही नका. काम पाहा, पुन्हा तपासा.

आणि हो, या पत्रिकेच्या सर्व्हरची दुसरी किल्ली सांभाळायला आम्हाला कोणीतरी हवे आहे.