मांजराचे नाक आणि अण्णांची करंजी

“मांजराला केमोथेरपी? अहो, इथे माणसांना औषध मिळत नाही!” गेल्या दिवाळीत फराळाला आलेल्या आमच्या शेजारच्या अण्णांनी हे उद्गार काढले आणि तिसरी करंजी उचलली. दारी आलेल्या पाहुण्याशी वाद घालू नये म्हणून त्या दिवशी मी गप्प राहिलो. आज घालतो.

आमची मनी अकरा वर्षांची. शिंका येऊ लागल्या, एकाच नाकपुडीतून पाणी गळू लागले, पुढे त्यात रक्त दिसले. सर्दी म्हणून आम्ही स्वस्थ बसलो. पहिल्या डॉक्टरांनीही सर्दीचेच औषध दिले. चार महिने असे फुकट गेले, याचा राग मला अजून आहे, आणि त्यातला निम्मा स्वतःवर आहे. नाकाचा वरचा भाग सुजला तेव्हा कुठे दुसऱ्या डॉक्टरांनी भूल देऊन आतला तुकडा तपासायला पाठवला. लिम्फोमा निघाला. मांजरांच्या नाकातल्या कर्करोगांत हाच जास्त आढळतो आणि उपचाराला चांगली दाद देणाराही हाच. किरणोपचाराची सोय आमच्या गावी नव्हती, भिस्त औषधांवर.

केमोथेरपी म्हटले की टक्कल आणि ओकाऱ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. मांजराला मात्रा बेतानेच देतात. उरलेले दिवस सुखाचे जावेत हा मुख्य हेतू. मनीची लव शाबूत राहिली, मिशा तेवढ्या गळाल्या. आधी रक्ततपासणी, मग पायाच्या शिरेतून व्हिन्क्रिस्टीन; प्रथम दर आठवड्याला, पुढे तीन आठवड्यांनी. हे औषध सदाफुलीपासून निघते. होय अण्णा, तुमच्या कुंपणाशी फुलते तीच! १९६३ पासून अमेरिकेत ते माणसांना देत आले आहेत. औषधाचा अंश लघवीतून उतरतो, म्हणून तिची मातीची पेटी हातमोजे घालून साफ करायची. ते काम माझे.

मांजर वासावर जेवते. नाक चोंदले की ताटाला तोंड लावत नाही. तिसऱ्या इंजेक्शननंतर एके संध्याकाळी सौ.ने तव्यावर बोंबील टाकले आणि मनी आपण होऊन स्वयंपाकघरात आली, पायांत घोटाळू लागली. सौ. कितीतरी वेळ काही बोललीच नाही.

आता अण्णांचा गरीब. हा गरीब त्यांना आमच्या मांजराच्या बिलापाशीच का भेटतो? नातवाच्या मुंजीत पाचशे पाने उठली, तेव्हा तो कुठे होता? नवी मोटार दारात आली, तेव्हा? गरिबाला जरूर द्यावे. पण ज्याने स्वतः दिले नाही त्याने माझ्या मनीच्या वाटणीतून दानधर्म करू नये.

उलट टोकाचे प्राणिप्रेमीही मला मानवत नाहीत. जनावर खात नाही, कण्हते आहे, आणि हे म्हणतात, आणखी एक इंजेक्शन! अशा वेळी त्याला शांतपणे जाऊ द्यावे. आणि ‘माणसाचे तेच मांजराला’ म्हणणारे तर घातकीच. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. माणसांच्या कर्करोगावरचे सिस्प्लाटिन दिले तर त्याच्या फुप्फुसांत पाणी भरते.

रोग पुन्हा उलटेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. केव्हा, ते त्यांनाही ठाऊक नाही. तूर्त मनी जेवते. अण्णा यंदाही फराळाला येणार आहेत आणि त्यांच्या नेहमीच्या खुर्चीवर ती पाय ताणून झोपली आहे. मी काही तिला उठवणार नाही.