विश्वजित् यज्ञ आणि जव्हारचें गुरचरण

गेल्या दिवाळींत आमचा भाचा जेवणानंतर सुपारी कातरतां कातरतां म्हणाला, "मामा, जव्हारजवळ दाभोशाच्या धबधब्याच्या वाटेवर २ एकर माळ अगदीं स्वस्तांत मिळतो आहे. सुटीचें घर बांधूं." मंडळींस बेत फार आवडला, खोटें कशास सांगूं, मलाही क्षणभर आवडला. मग मीं त्यास मोबाईलवर सातबारा काढावयास सांगितलें. मालकाच्या जागीं 'सरकार', आणि शेजारीं 'गुरचरण'!

"दलाल म्हणतो, ताबा आज घ्या, मुद्रांकावर लिहून देतों. घर उभें राहिलें कीं पुढें सर्व कायम होतें. आणि सरकारचीच जमीन. कोणाची थोडीच घेतों आपण?"

हा शेवटचा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. विश्वजित् यज्ञांत यजमानानें सर्वस्व द्यावयाचें असतें. मग सार्वभौम राजा यजमान असेल, तर त्यानें पृथ्वीही द्यावी काय? पूर्वमीमांसेच्या सहाव्या अध्यायांत जैमिनीनें याचें उत्तर नकारार्थी दिलें आहे; कारण भूमीवर सर्वांचा अधिकार सारखाच. १७ व्या शतकांत नीलकंठभट्टांनीं व्यवहारमयूखांत हाच विचार पुढें नेऊन राजाचा हक्क कर घेण्यापुरता ठरविला. इंग्रजी अमलांत उत्तर कोंकणांतील खटल्यांस हा मयूख प्रमाण असे, म्हणजे तो जव्हारच्या अगदीं दारांत होता म्हणावयाचा.

मुकण्यांचें तें संस्थान १९४८ सालीं विलीन झालें. राजा गेला, सरकार आलें. माळावर चरणारीं गुरें मात्र वारल्यांचीं, कोकण्यांचीं, महादेव कोळ्यांचींच राहिलीं. ज्या कातकऱ्याच्या नांवें एक गुंठाही नाहीं, त्याची रानभाजी आणि सरपण अशाच माळरानावरचें. १९९२ सालीं वावर-वांगणीचीं मुलें कुपोषणानें दगावलीं, तो तालुका हाच. तेथील माळ "कोणाचाच नाहीं" असें आम्हीं पोटभर जेवून म्हणावें!

दलालाची कायद्याची समजूतही चुकीची आहे. सर्वोच्च न्यायालयानें २०११ सालीं जगपालसिंग खटल्यांत स्पष्ट सांगितलें कीं, गांवच्या सामाईक जमिनीवरील जुना ताबा, किंवा तेथील बांधकामावर केलेला मोठा खर्च, हें अतिक्रमण कायम करण्याचें कारण होऊं शकत नाहीं. भूमिहीनांस सरकारनें दिलेल्या पट्ट्यांसारखीं अपवादात्मक प्रकरणें तेवढीं निराळीं मानलीं. महसूल अधिनियमाच्या कलम २२-अ प्रमाणें गायरान 'सार्वजनिक कामा'सारख्या अपवादांखेरीज देतां येत नाहीं. आदिवासींची खासगी जमीनसुद्धां १९७४ पासून कलम ३६-अ मुळें मंजुरीवांचून बिगर-आदिवासीस विकतां येत नाहीं. शिवाय जव्हार-मोखाडा हें अनुसूचित क्षेत्र. तेथें १९९६ चा पेसा कायदा ग्रामसभेस मान देतो. 'सार्वजनिक काम' हा शब्द मात्र मला फार सैल वाटतो. दलाल एक वेळ फसेल, पण त्या शब्दाच्या आडून जाणारा माळ ग्रामसभेनेंच डोळ्यांत तेल घालून राखला पाहिजे.

भाच्यानें सर्व ऐकून घेतलें. दलालाचें पत्रक त्यानें घडी करून खिशांत ठेवलें, फाडलें नाहीं. मंडळी अजून अधूनमधून धबधब्याविषयीं विचारतात. मीं म्हणतों, एस्. टी. नें जाऊं, पाहूं, आणि संध्याकाळीं परत येऊं.