गावकुसाबाहेरचा वणवा



मार्च लागला की विरार-नालासोपाऱ्याच्या पूर्वेला डोंगर पेटतो. टॉवरच्या गच्चीवरचा माणूस मोबाइल काढतो. म्हणतो, काय सीन आहे! पायथ्याच्या पत्र्याच्या खोलीतली बाई फोटो काढत नाही. ती पोरं उठवते, गॅसची टाकी बाहेर ओढते, पिंपात पाणी किती ते बघते. आग एकच. एकाला देखावा, एकीला मरण. ही वाटणी निसर्गाने केलेली नाही.

दुसऱ्या दिवशी शहाणे बोलायला लागतात – वणवा आदिवासी लावतात, झोपडपट्टीवाले लावतात. म्हणजे जाळात राहायचं आम्ही आणि आरोपीही आम्हीच!

वणवा कसा लागतो ते एकदा नीट बघू. पावसाळ्यात तुंगारेश्वरच्या उतारावर कमरेएवढं गवत वाढतं. दिवाळीनंतर ते वाळतं, झाडांची पानं गळतात. फेब्रुवारीपर्यंत सरपण आयतं रचलेलं असतं. मग विडीचं थोटूक, पार्टीवाल्यांची चूल, नाहीतर कुणी पेटवलेला कचरा – एवढं पुरतं. दुपारचा समुद्रावरचा वारा जाळाला चढावर रेटतो. ठिणग्या उडून भलतीकडे पडतात. जळते ओंडके घरंगळत खाली येतात. खाली चाळ, चाळीत बोळ, बोळात बंब शिरत नाही. पलीकडे गोखिवऱ्याच्या भोयदापाड्याला शहराचा कचरा साठलेला, तोही उन्हाळ्यात पेटतो.

हे गवत पूर्वी असं उभं राहत नव्हतं. ठाणे जिल्ह्यातलं गवत गठ्ठे बांधून मुंबईच्या तबेल्यांना जायचं. कापायचा वारली, पैसा खायचा जमीनदार. १९४५ साली वारल्यांनी ५०० पौंड गवताला अडीच रुपये मजुरी मागितली. त्याच लढ्यात १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच माणसं मेली. आज तबेल्यांची ती मागणी राहिली नाही. २००३ साली तुंगारेश्वर अभयारण्य झालं, सुमारे ८५ चौरस किलोमीटर. आता परवानगीशिवाय काडी उचलायची नाही. विळा काढून घेतला, गवत तसंच ठेवलं. वर विचारतात, आग कुणी लावली?

आता कायदा बघा. १९२७ साली २५ डिसेंबरला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली. त्याच वर्षी इंग्रज सरकारने भारतीय वन अधिनियम केला. तो अजून जिवंत आहे. त्याचं २६ वं कलम म्हणतं, राखीव जंगलात कुणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार तिथले चराईचे, वनोपजाचे सगळे हक्क तहकूब करू शकतं. एकाने लावली, शिक्षा सगळ्या पाड्याला. ७९ वं कलम म्हणतं, जंगलात हक्क असलेल्याने आगीची खबर द्यायची आणि आग विझवायलाही धावायचं. शेजारच्या गावात सरकारी मोबदल्यावर गावकी करणाऱ्यानेही धावायचं. त्या काळी गावकी करणाऱ्यांत महार होताच. म्हणजे ही महारकीच की! १९२८ साली वतनाविरुद्ध बाबासाहेबांनी कौन्सिलात बिल आणलं, ते याच वेठीविरुद्ध.

२००६ च्या वनहक्क कायद्याने जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला. छान. पण २००९ साली वसई-विरार महापालिका झाली. जी गावं तिच्यात गेली त्यांची ग्रामसभाही गेली. शिवाय आदिवासी नसलेल्याने तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा आणायचा. दुष्काळाने मराठवाड्यातून हाकललेला आपला माणूस कुठल्या सातबाऱ्यावर तो दाखवणार?

अमेरिकेत तरी वेगळं काय आहे? ज्या कॅलिफोर्नियात १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली, तिथेच जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिस पेटलं. विझवायला शेकडो कैदी लावले होते, दिवसाला काही डॉलरवर. आगीपुढे कुणाला उभं करायचं, हे तिथेही ठरलेलं आहे.

जंगल आपलं नाही असं समजू नका. नालासोपाऱ्यात, जुन्या सोपाऱ्यात, सम्राट अशोकाचा शिलालेख सापडला. त्याच अशोकाने दुसरीकडे स्तंभावर कोरून ठेवलं की विनाकारण जंगल जाळू नये. आपला वारसा तो आहे.

आणि थोडं घरातलंही बोलू. डोंगर पोखरून चाळी विकणाऱ्या दलालाच्या खांद्यावर निळी शाल दिसते, तेव्हा आपण गप्प का? चौदा एप्रिल वणव्याच्या ऐन मोसमात येतो. डीजेला वर्गणी आहे, मग वस्तीत पाण्याच्या टाकीला का नाही?

जाळानंतर वाटलेली चादर आम्हाला नको. पावसाळा संपताच गवत कापायचा हक्क पाड्यांना द्या. जाळरेषा काढायचं काम पायथ्याच्या माणसांना द्या, पूर्ण मजुरीने, वेठीने नाही. उपग्रहावरून आगीची खबर वनखात्याला मिळते, ती वस्तीच्या फोनवरही द्या. बंब शिरेल एवढा रस्ता आणि भरलेली टाकी द्या. आणि हे सगळं ठरवायला बसाल, त्या बैठकीत आम्ही असू.

गावकूस होतं तेव्हा आम्ही त्याच्या बाहेर होतो. आता शहराचं कूस डोंगराला टेकलंय, आम्ही परत बाहेर – गवत आणि पत्रा यांच्या मधोमध. या मार्चच्या आत प्रत्येक शाखेने आपल्या पायथ्याच्या वस्तीत एक फेरी मारा. घरं मोजा, बोळ मोजा, पाणी मोजा. कागद घेऊन महापालिकेच्या दारात बसा. डोंगर पेटल्यावर घोषणा द्यायला घसा उरत नाही. धुराने भरतो.

जय भीम.