बंदीचा कागद आणि फोनवरचा नकार

दिल्लीतील शादीपूर ही साहित्यसंमेलनांची वस्ती नव्हे. लहान दुकाने आणि दाट घरे यांच्या त्या परिसरात २०१२ साली ‘जन नाट्य मंच’ या पथनाट्य संस्थेचे ‘स्टुडिओ सफदर’ हे छोटे नाट्यगृह आणि त्याच्या शेजारी ‘मे डे’ हे पुस्तकांचे दुकान सुरू झाले. नाटक, गाणी, पुस्तकांवरील चर्चा आणि कामगारांचे प्रश्न तेथे एकाच छताखाली येतात. एक मेच्या कार्यक्रमाला विद्यार्थी येतात, तसेच आसपासचे रहिवासीही येतात. त्यांच्या राजकारणाशी सहमत असणे आवश्यक नाही. मात्र अशा जागांचे महत्त्व शासनव्यवहार जवळून पाहिलेल्या माणसाला लवकर कळते. कारण त्या किती सहज बंद पाडता येतात, हे त्याला ठाऊक असते.

मोठ्या प्रकाशकाकडे जाहिरात असते, विमानतळावरील दुकानांत फळ्या असतात. छोट्या प्रकाशकाकडे यातले काहीच नसते. त्याचे पुस्तक वाचकापर्यंत पोहोचते ते सभागृहातील चर्चेमुळे, प्रदर्शनामुळे, नाटकानंतर दाराशी मांडलेल्या टेबलामुळे. सार्वजनिक कार्यक्रम ही त्याच्यासाठी वितरणव्यवस्थाच असते. म्हणूनच ते पुस्तक वाचकापर्यंत पोहोचू द्यायचे नसेल, तर त्यावर बंदी घालण्याची गरज उरत नाही. सभागृह नाकारले की काम भागते.

या दोन मार्गांतील फरक कायद्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. पुस्तक सरकारजमा करायचे असेल, तर पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९५ प्रमाणे, आणि आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ प्रमाणे, राज्य शासनाला अधिसूचना काढावी लागते आणि तीत कारणे नमूद करावी लागतात. त्या अधिसूचनेला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात आव्हान देता येते आणि ते तीन न्यायाधीशांच्या विशेष पीठापुढे चालते. बंदी ही कठोर गोष्ट आहे. पण तिला कागद असतो, सही असते आणि उत्तर मागण्याची जागा असते. सभागृहाच्या व्यवस्थापकाला आलेल्या फोनला यांपैकी काहीही नसते.

हे मी ऐकीव माहितीवरून लिहीत नाही. जिल्ह्यात नेमणुकीवर असताना एका छोट्या प्रकाशकाने पुस्तक प्रकाशन आणि चित्रप्रदर्शनासाठी नगरभवन मागितले होते. निदर्शनांचा इशारा आला. मी मनाई आदेश काढला नाही. सभागृहाची रखडलेली दुरुस्ती त्याच आठवड्यात सुरू करता आली तर बरे होईल, एवढेच मी संबंधितांना कळवले. शहर शांत राहिले आणि माझे कौतुकही झाले. आज त्या दिवसाची फाईल काढून पाहिली, तर तीत माझ्या निर्णयाची एक ओळही सापडणार नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला याचीच अधिक लाज वाटते. १८६१ मध्ये दीनबंधू मित्रांच्या ‘नीलदर्पण’ नाटकाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल जेम्स लाँग या पाद्र्याला एक महिन्याचा कारावास आणि एक हजार रुपये दंड झाला. तो अन्यायच होता; पण खटला उघड न्यायालयात चालला आणि त्याची नोंद आजही वाचता येते. आमच्या पिढीने केलेल्या अन्यायाचे दप्तरच राहिलेले नाही.

अशा अनौपचारिक कारभाराचा सर्वांत बोलका दाखला तमिळनाडूतील नामक्कलचा आहे. पेरुमाळ मुरुगन यांची ‘माधोरुबागन’ ही कादंबरी ‘कालचुवडु’ या प्रकाशनाने २०१० मध्ये काढली. चार वर्षांनंतर तिच्याविरुद्ध आंदोलन पेटले. जानेवारी २०१५ मध्ये जिल्हा प्रशासनाने ‘शांतता बैठक’ बोलावली आणि तीत लेखकाकडून बिनशर्त माफी तसेच न विकलेल्या प्रती मागे घेण्याची हमी लिहून घेण्यात आली. कोणीही बंदीचा आदेश काढला नव्हता, तरीही आपल्यातील लेखक मरण पावला असे मुरुगन यांनी जाहीर केले. जुलै २०१६ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने ती तडजोड कोणावरही बंधनकारक नसल्याचे स्पष्ट केले आणि लेखकाने पुन्हा लिहिते व्हावे, अशी अपेक्षा व्यक्त केली. त्या निकालाचा सर्वाधिक अभ्यास लेखकांपेक्षा जिल्हाधिकाऱ्यांनी करावयास हवा.

प्रशासनाची अडचण खोटी नसते. पोलीस बळ अपुरे असते, अफवा वेगाने पसरतात आणि दंगलीत एक जीव गेला तर जबाब अधिकाऱ्यालाच द्यावा लागतो. परंतु हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच ‘रंगराजन’ प्रकरणात सोडवला आहे. निदर्शनांच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही. तिचे संरक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे त्या निकालाने सांगितले. त्याच वर्षाच्या पहिल्या दिवशी दिल्लीलगतच्या साहिबाबादमधील झंडापूर या कामगारवस्तीत ‘हल्ला बोल’ या पथनाट्याचा प्रयोग सुरू असताना ‘जन नाट्य मंचा’वर हल्ला झाला. राम बहादूर हा कामगार मारला गेला आणि दुसऱ्या दिवशी सफदर हाश्मी यांचे निधन झाले. दोषींना शिक्षा होण्यास २००३ उजाडले. मराठी नाटककार गो. पु. देशपांडे यांचे पुत्र सुधन्वा देशपांडे हे त्या नाटकमंडळीत होते. त्यांनी पुढे या घटनेवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. झंडापूरला राज्याकडून हवे होते ते संरक्षण, आणि तेच मिळाले नाही.

यावरचे उपाय साधे आहेत. सार्वजनिक सभागृहासाठीच्या अर्जावर ठराविक दिवसांत निर्णय द्यावा. तो न दिल्यास परवानगी मिळाली असे मानावे. नकार केवळ लेखी असावा, त्यात कारणे असावीत आणि त्याविरुद्ध कार्यक्रमाच्या तारखेपूर्वी अपील ऐकले जावे. तोंडी सूचनेवरून कार्यक्रम रद्द करणाऱ्या व्यवस्थापकाने तशी नोंद ठेवावी. आणि प्रतिबंधक कारवाई करावयाचीच असेल, तर ती बोलणाऱ्यावर नव्हे, धमकी देणाऱ्यावर व्हावी. यासाठी नवा कायदा लागत नाही. राज्य शासनाचे एक परिपत्रक पुरेसे आहे. नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा १८७६ चा वासाहतिक कायदा केंद्राने गेल्या दशकात रद्द केला, हे योग्यच झाले. आता त्या कायद्याची सवय सोडणे बाकी आहे.

हल्ल्यानंतर तीनच दिवसांनी, ४ जानेवारी १९८९ रोजी, मलयश्री हाश्मी आणि त्यांचे सहकारी झंडापूरला परतले आणि अपुरा राहिलेला प्रयोग त्यांनी त्याच जागी पूर्ण केला. नागरिकांनी एवढे धैर्य दाखवावे लागणे, हे राज्याला भूषणावह नाही. सभागृहाचे दार उघडे ठेवणे आणि त्या दारात एक शिपाई उभा करणे, एवढे तरी त्याने करावे. ज्या दिवशी मी फोन उचलला, त्या दिवशी मला एवढेच करावयाचे होते.